नोकिया अकराशे: दातांत धरायचा फोन

माझ्याकडे असलेल्या नोकिया ११०० च्या खालच्या टोकाला, चार्जरची जाड पिन जिथे बसते त्याच्या जरा वर, पुढून आणि मागून दातांचे वण आहेत. हा फोन २००४ ते २०१३ अशी नऊ वर्षे माझ्या वडिलांच्या वापरात होता, आणि त्या काळात बार्शी भागातील आमच्या गावी शेतीपंपाची वीज कधी दिवसा तर कधी रात्री, भारनियमनाच्या वेळापत्रकाला वाटेल तेव्हा येत असे. रात्री विहिरीवर जाऊन स्टार्टरच्या पेटीतील उडालेली फ्यूजची तार बदलायची म्हणजे दोन्ही हात गुंतलेले. अशा वेळी फोनचे खालचे टोक दातांत धरले, की वरच्या कडेला बसवलेल्या टॉर्चचा उजेड बरोबर हातांवर पडे. हा हँडसेट मी गेले तीन महिने दुसरा फोन म्हणून पुन्हा वापरात आणला आहे, आणि पुढील मजकूर त्या वापरावर तसेच वडिलांच्या नऊ वर्षांच्या वापरावर आधारलेला आहे.

नोकियाने ११०० हे मॉडेल २००३ साली जाहीर केले. आपल्याकडे त्याला लवकरच ‘अकराशे’ हे नाव पडले आणि दुकानदारही ‘अकराशे दाखवू का’ असेच विचारू लागले. फोनचा मुहूर्त मात्र विलक्षण होता. त्याच वर्षी १ मेपासून भारतात मोबाइलवर येणारे कॉल मोफत झाले. त्यापूर्वी कॉल घेणाऱ्यालाही पैसे मोजावे लागत, त्यामुळे पडद्यावरचा नंबर पाहून कॉल कापायचा आणि जवळच्या पीसीओवरून उलट फोन करायचा, असा द्राविडी प्राणायाम भली भली माणसे करीत असत. येणारा कॉल फुकट झाल्यावर महिन्याला जेमतेम रिचार्ज करणाऱ्या माणसालाही मोबाइल बाळगणे परवडू लागले, आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्यासाठी बनवलेला फोन बाजारात आला.

‘त्याच्यासाठी बनवलेला’ हे शब्द मी जपून वापरीत आहे, कारण स्वस्त फोन त्यापूर्वीही होते. स्वस्त वस्तू बनवण्याची रूढ पद्धत अशी, की महाग वस्तू घ्यायची आणि तिच्यातून एकेक गोष्ट काढत जायचे. जे उरेल ते गरिबाला विकायचे. अकराशेमध्येही वगळलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्याच वर्षी नोकियाने रंगीत पडद्याचा आणि कॅमेऱ्याचा ६६०० जाहीर केला होता, तर अकराशेचा पडदा एकरंगी आणि अवघ्या ९६ बाय ६५ ठिपक्यांचा, म्हणजे जेमतेम चार ओळी मावतील एवढा. परंतु अकराशेमध्ये काही गोष्टी अशा आहेत ज्या त्या काळच्या त्याच कंपनीच्या बहुतेक महागड्या फोनमध्येही नव्हत्या. धूळ आत जाऊ नये म्हणून सलग रबरी कीपॅड, घामट हातातून निसटू नये म्हणून खडबडीत कडा आणि अंधारासाठी टॉर्च, या तीन गोष्टी वरच्या मॉडेलमधून उरलेल्या नव्हेत. फोन कुठे पडून राहणार आहे, कोणाच्या हातात असणार आहे आणि तिथे रात्री काय असते, याचा विचार करून त्या मुद्दाम घातलेल्या आहेत. हा फोन कॅलिफोर्नियातील नोकियाच्या डिझाइन केंद्रात आकाराला आला, हे वाचल्यावर मला प्रथम खरे वाटले नव्हते.

आता टॉर्चविषयी जरा विस्ताराने. फोन चालू असून कीपॅड उघडा असेल, तर डाव्या बाजूचे ‘सी’ हे बटण दाबून धरल्यास टॉर्च लागते आणि सोडल्यास विझते. तेच बटण लागोपाठ दोनदा दाबल्यास ती लागूनच राहते. उजेड फार लांब जात नाही, बांधावरून चालताना पुढची दोन-तीन पावले दिसतात. पण पायवाटेवर साप आहे की पाइपचा तुकडा, हे कळायला तेवढा पुरतो. आमच्याकडे टॉर्चला ‘बॅटरी’ म्हणतात, त्यामुळे ‘मोबाइलची बॅटरी लाव’ आणि ‘मोबाइलची बॅटरी संपली’ या दोन वाक्यांतील बॅटऱ्या वेगवेगळ्या आहेत, हे शहरातून आलेल्या पाहुण्यांना समजावून सांगावे लागे.

या रचनेत एक खोट आहे आणि तिचा अनुभव मला या तीन महिन्यांत पुन्हा आला. कीपॅड लॉक असेल तर टॉर्च लागत नाही. आधी मोठे बटण, मग चांदणीचे बटण दाबून लॉक काढायचे आणि नंतर ‘सी’ दाबायचे, हा क्रम दिवसा सोपा वाटतो. एका हातात फावडे असताना मात्र तो अवघड जातो. वडिलांनी त्यावर शोधलेला उपाय म्हणजे कीपॅड कधीच लॉक न करणे. परिणामी त्यांच्या खिशातून आपोआप लागलेले कॉल मला पुण्यात येत असत. ‘हॅलो, हॅलो’ करून काही उपयोग नसे. पलीकडे पाटातून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज, मधूनच चिखलात रुतणारी पावले आणि कोणाशी तरी चाललेले बोलणे, एवढेच ऐकू येई. मी ते कॉल लगेच कापत नसे. त्यांचे बिल त्यांना भरावे लागे, हे मात्र खरे.

कीपॅडची रचना या फोनची दुसरी मोठी बाजू आहे. आकड्यांची सगळी बटणे म्हणजे रबराचा एकच सलग तुकडा असून बटणांमध्ये फट नाही. गिरणीत, वीटभट्टीवर किंवा मळणीच्या वेळी जी बारीक धूळ उडते ती फटीतून आत शिरूनच फोनचा जीव घेत असते. इथे तिला शिरायला वाव कमी. वापराने रबरावरचे आकडे पुसट होतात हे खरे, परंतु तोवर बोटांना जागा पाठ झालेल्या असतात आणि नवा कीपॅड टाकणे हे दुरुस्तीच्या दुकानातील पाच मिनिटांचे काम असते.

पडद्याखाली एकच मोठे बटण आहे. कॉल लावायला तेच, घ्यायला तेच, कापायला तेच आणि मेनूत शिरायलाही तेच. त्या क्षणी त्याचा अर्थ काय, हे पडद्याच्या तळाशी लिहून येते. हिरवे आणि लाल अशी वेगळी बटणे असलेल्या फोनच्या तुलनेत हे गोंधळाचे ठरेल असे मला वाटले होते. माझ्या आईने, जिला इंग्रजी वाचता येत नाही, हा अंदाज पहिल्याच आठवड्यात खोटा ठरवला. तिच्या हिशेबाने फोन वाजला की मोठे बटण दाबायचे आणि बोलणे झाले की पुन्हा मोठे बटण दाबायचे. यात चुकायला जागाच नव्हती. कॉल लावण्याचे तिचे काम मी दोनाच्या बटणावर स्वतःचा नंबर टाकून सोपे करून दिले होते.

मिस कॉलची भाषाही याच फोनवर आमच्या घरात तयार झाली. वडील रात्री विहिरीवर पोचले आणि मोटार चालू झाली की घरी एक रिंग देत. वीज नसेल किंवा फ्यूज गेलेली असेल तर दोनदा. एक रिंग आली की आई दारे धरायला चुलत्यांना उठवी, दोन आल्या की कोणालाच उठवत नसे. कॉल उचलायचा नाही हा नियम सगळ्यांनी कसोशीने पाळला, आणि माझ्या अंदाजाने त्या नऊ वर्षांत या फोनवरून घराला मिळालेली सर्वाधिक उपयोगाची माहिती एक पैसाही खर्च न होता मिळालेली आहे. कंपनीने हे कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले नव्हते. तरीही फोन महिनोन्‌महिने चालू स्थितीत राहणे आणि वेळेला दगा न देणे, या दोन गुणांशिवाय अशी भाषा टिकली नसती.

चालू राहण्याचा प्रश्न बॅटरीपाशी येतो. अकराशेमध्ये बीएल-५सी या नावाची ८५० एमएएच क्षमतेची बॅटरी बसते. आजच्या फोनमध्ये याच्या पाच-सहापट क्षमता असते आणि तरीही रात्री तो चार्जिंगला लावावा लागतो; अकराशेच्या बाबतीत कंपनीचा दावा नुसत्या चालू अवस्थेत ४०० तासांपर्यंतचा होता. बोलणे आणि टॉर्च धरून वडिलांना आठवड्यातून दोनदा चार्जिंग पुरे. दिवसाचे बारा-चौदा तास वीज नसलेल्या घरात या हिशेबाला काय किंमत असते, ते त्या घरात राहिल्याशिवाय कळणे कठीण.

याच बॅटरीने पुढे देशभर धास्तीही पसरवली. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केले, की मात्सुशिता या जपानी कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्ज होताना अतिशय तापण्याची शक्यता आहे आणि ग्राहकांना त्या फुकट बदलून मिळतील. वृत्तवाहिन्यांनी त्याचा बॉम्बच करून टाकला. आमच्या गावात दोन दिवस लोक फोन खिशात ठेवायचे सोडून दोरीने खुंटीला टांगत होते, आणि बॅटरीच्या पाठीवरचा २६ अक्षरांचा क्रमांक वाचून दाखवण्यासाठी शाळेतील गुरुजींकडे रांग लागली होती. आमची बॅटरी त्यांत निघाली नाही. खरा त्रास आम्हांला वेगळ्याच बाजूने झाला. २००९ मध्ये तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानातून ‘ओरिजिनल’ म्हणून घेतलेली बॅटरी चार महिन्यांत इतकी फुगली, की मागचे झाकण बसेना आणि वडील ते सायकलच्या ट्यूबच्या रबराने बांधून फिरत. होलोग्रामचे चकचकीत स्टिकर तिच्यावर होते, म्हणून मी तिला अस्सल समजलो. तेव्हापासून स्टिकर पाहून वस्तू घेणे मी सोडले आहे. बीएल-५सीच्या मापाच्या बॅटऱ्या छोट्या रेडिओत आणि स्पीकरच्या डब्यांत अजूनही बसतात, त्यामुळे त्या मिळतात सहज. चांगली मिळेलच याची खात्री नाही.

मजकूर लिहिण्याच्या बाबतीत अकराशेला मी फार गुण देणार नाही. एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरांत लिहिले तर १६० अक्षरे मावतात आणि देवनागरीत लिहिले तर ७०. हा नियम फोनचा नसून एसएमएसच्या पद्धतीचाच आहे, पण त्यामुळे मी आणि माझ्या ओळखीचे सगळे मराठी रोमन अक्षरांत लिहायला शिकलो. शब्द आपोआप ओळखणारी टी-नाइन ही सोय फोनमध्ये आहे, परंतु तिला इंग्रजी शब्द ठाऊक असल्याने आपल्या शब्दांचे ती भलतेच काही करून ठेवी, म्हणून ती बंद करून ठेवणे हाच शहाणपणा ठरे. मग एकेका अक्षरासाठी एकेक बटण अनेकदा दाबायचे. ‘सासवड’ लिहिताना केवळ दोन ‘स’साठी सात हा आकडा आठ वेळा दाबावा लागतो. दिवाळीच्या दिवशी स्वस्त एसएमएसची योजना लागू नसे, म्हणून सगळ्या शुभेच्छा आदल्या दिवशीच पाठवायची पद्धत होती आणि त्या वेळी अंगठा संध्याकाळपर्यंत दुखत असे. या तीन महिन्यांत मी दिवसाला दोनपेक्षा जास्त एसएमएस लिहिले नाहीत आणि लिहावेसेही वाटले नाही.

खेळ दोन आहेत, स्नेक टू आणि स्पेस इम्पॅक्ट. मूळ स्नेक १९९७ साली नोकियाच्या ६११० या फोनवर आला होता. ही त्याची सुधारलेली आवृत्ती असून साप एका बाजूने बाहेर गेला की दुसऱ्या बाजूने आत येतो. तो आजही चांगला आहे. रिंगटोन स्वतः रचण्याची सोयही आहे आणि एकेकाळी लोक गाण्यांच्या बटणांचे क्रम वहीत उतरवून घेत असत. आता ते ऐकताना आपण यात काय ऐकत होतो असा प्रश्न पडतो.

उणिवांपैकी वडिलांना सर्वाधिक जाणवलेली उणीव म्हणजे रेडिओ नसणे. शेतावर आकाशवाणी ऐकायला त्यांना शेवटपर्यंत वेगळा रेडिओ न्यावा लागला, आणि पुढे रेडिओ असलेले स्वस्त फोन आले तेव्हा ‘हे तेव्हा का नाही सुचले’ असे ते वारंवार म्हणत. लाउडस्पीकर नसल्याने घरातील चौघांनी मिळून एकाच कॉलवर बोलणे शक्य नव्हते. फोनच्या स्वतःच्या स्मरणात पन्नासच नावे मावतात, बाकीची सिमवर. इंटरनेटचा तर प्रश्नच नाही. परंतु यांपैकी कोणत्याही उणिवेमुळे फोन बदलावा असे त्या घरात कोणाला वाटले नाही, हेही नोंदवायला हवे.

जगभरात या मॉडेलचे सुमारे २५ कोटी नग विकले गेले. नोकियाने विकलेला शंभर कोटीवा फोनही अकराशेच होता आणि तो २००५ साली नायजेरियात विकला गेला, यावरून हा फोन कोणत्या जगात चालला ते दिसते. एक चमत्कारिक वळण मात्र श्रीमंत जगातले आहे. २००९ मध्ये अशा बातम्या आल्या, की जर्मनीतील बोखुम येथील कारखान्यात बनलेल्या काही अकराशे फोनसाठी गुन्हेगार २५ हजार युरोपर्यंत रक्कम मोजायला तयार आहेत, कारण त्या नगांतील सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून दुसऱ्याच्या नंबरवर येणारे बँकेचे संकेतांक पळवता येतात असे म्हणतात. ती बातमी आमच्या गावात पोचली असती तर खुंटीला टांगलेले फोन तिजोरीत गेले असते. नोकियाने पुढे चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथे मोठा कारखाना काढला. तो २००६ मध्ये सुरू झाला आणि कराच्या वादात सापडून २०१४ मध्ये बंद पडला.

आज हा फोन वापरता येतो का, हा प्रश्न परीक्षणात टाळून चालणार नाही. येतो, पण काही अटींवर. तो फक्त टूजी जाळ्यावर चालतो, म्हणून टूजी सेवा न देणाऱ्या जिओचे सिम त्यात निरुपयोगी आहे. टूजी सेवा अजून देणाऱ्या कंपन्यांचे सिम चालते. छोट्या सिमसाठी प्लास्टिकची चौकट घ्यावी लागते. माझ्या तीन महिन्यांच्या वापरात कॉल स्वच्छ ऐकू आले, आणि बँकेचे ओटीपी मिळाले. ‘*९९#’ हा इंटरनेटशिवाय चालणाऱ्या बँकसेवेचा क्रमांक लावून मेनूच्या पायऱ्या चढत पैसेही पाठवता येतात, मात्र तेवढ्या वेळात दुकानातील रांग मागून ओरडू लागते. गजर फोन बंद असतानाही वाजतो आणि तो इतका कर्कश आहे की पुन्हा झोप लागत नाही. ही सोय मी आता रोज वापरतो.

जुना अकराशे विकत घ्यायचा असेल तर दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. अमेरिकेसाठी बनवलेला ११००बी हा प्रकार ८५० आणि १९०० मेगाहर्ट्झवर चालतो आणि तो आपल्याकडे उपयोगाचा नाही. आपल्याला ९०० आणि १८०० चा हवा. ‘*#०६#’ दाबल्यावर पडद्यावर येणारा आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक, आणि बॅटरीखालच्या कागदावरचा क्रमांक जुळतो का ते तपासावे. ‘एकदम नवा’ म्हणून विकले जाणारे बहुतेक नग म्हणजे जुन्या सर्किटवर चढवलेली नवी बॉडी असते, आणि या नव्या बॉडीच्या कडांना मूळचा खडबडीतपणा नसल्याने हातात धरल्याबरोबर फरक जाणवतो. टॉर्च लावून पाहावी, आणि ‘सी’ बटण दाबून धरल्यावर ती लुकलुकते का ते पाहावे, कारण सगळ्यांत जास्त दाबले गेलेले बटण तेच असते.

माझ्या फोनचेही तेच बटण बसले होते. दुरुस्ती करणाऱ्याने कीपॅड बदलला, फोन उलटसुलट करून पाहिला आणि आणखी शंभर रुपयांत बॉडीही बदलून देतो, हे डाग जातील, असे सांगितले. मी फक्त कीपॅडचे पैसे दिले.